श्रीरंगरावांच्या वाटची धाव

कॉलनीतल्या चढावर हेमांगीताईंचे गुडघे अगदी भरून आले, तरी त्या सायकल रेटत राहिल्या. मनगटावर पट्टा होता. त्याच्या जोडीचा दुसरा पट्टा घरी, अंथरुणाला खिळलेल्या श्रीरंगरावांच्या मनगटावर. घाम यांनी गाळायचा, गुण त्यांच्या हृदयाला लागायचा. यांच्या वाट्याला नुसती दमणूक.

शेजारची मृणाल धापा टाकत बाजूने धावत गेली.

"आज आईंसाठी की बाबांसाठी गं?"

"दोघांसाठी, काकू!"

चढ संपता संपता हेमांगीताईंची धाप अचानक निवली, पाय हलके झाले. पट्ट्यावरचा दिवा विझलेला दिसताच त्यांनी सायकल वळवली. तशाच त्या घरी परतल्या.

श्रीरंगरावांनी पट्टा काढून उशाशी ठेवला होता.

"अहो, हे काय? डॉक्टरांनी एक दिवसही चुकवू नका म्हणून बजावलंय!"

"आजचं तुझं तुला राहू दे, हेमा. जिना चढताना तू किती वेळा थांबतेस, ते मला इथवर ऐकू येतं."

पट्टा बांधायला त्या वाकल्या, पण तो हातात धरून पलंगाच्या कडेलाच बसल्या.

"फक्त आज हं," असं म्हणून त्या बूट न काढताच त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या.