हिरवा दिवा

कॉफी शॉपच्या कोपऱ्यात प्रज्योत कपाळाला पट्टा बांधून बसला होता. उद्याच्या मुलाखतीतही असाच पट्टा असणार होता. कंपन्या आता उमेदवाराच्या बोलण्यावर थांबत नसत. मनात काय उमटतं ते या पट्ट्यातून पडद्यावर बघत. जात विचारायला बंदी होती, म्हणून घरचं वळण बघत.

"वडील?" त्याची तयारी करून घेणाऱ्या स्वानंदने विचारलं.

टेबलावरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर कचऱ्याची घंटागाडी आली, खाकी गणवेश आला. पडद्याच्या कडेचा दिवा लाल झाला.

"परत तेच. अरे, माझे बाबा आठव. चष्मा, पेपर, बाल्कनी. आठवडा झाला घोकतोयस."

प्रज्योतने डोळे मिटून पुन्हा घोकलं. पाचव्या खेपेला बाल्कनी आली आणि दिवा हिरवा झाला.

तेवढ्यात दुकानाचा कचरा न्यायला मागच्या दाराने अण्णा आत आले. पोराला बघून हसले, हात पँटला पुसत टेबलापाशी आले.

"हितं बसतोस व्हय अभ्यासाला?"

प्रज्योतने वर पाहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली: अनोळखी इसम. दिवा हिरवाच राहिला.

"झालास पास," स्वानंद खूश होऊन म्हणाला. "काका, कचऱ्याचा डबा तिकडे आहे."

अण्णांनी पडद्यावरची अक्षरं एकेक जुळवत, ओठ हलवत वाचली. मग मुलाकडे बघून म्हणाले, "चालू द्या तुमचं, साहेब."

बाहेर घंटागाडीचं गाणं सुरू झालं. ते पार लांब जाईपर्यंत प्रज्योतला मान वर करता आली नाही.