मुलाच्या वतीने

राजीनामा हातात पडल्यावर साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "मग आता माझ्या मीटिंगा कोण बघणार?"

इतकी वर्षं तिने त्यांची पत्रं लिहिली, त्यांच्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्या, त्यांच्या बायकोचा वाढदिवससुद्धा लक्षात ठेवला. तिने ड्रॉवर रिकामा केला आणि घरी आली.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस, असं नवऱ्याचं मत पडलं. तिने वाद घातला नाही. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि व्हर्च्युअल असिस्टंटची कामं शोधायला लागली. घरबसल्या दुसऱ्यांचे मेल, तिकिटं, भेटीगाठी सांभाळायच्या. आधी बरेच दिवस माशा मारण्यात गेले. मग परदेशात स्थायिक झालेला एक डॉक्टर मिळाला.

डॉक्टरला कशालाच वेळ नव्हता. आधी त्याचे मेल तिच्याकडे आले, मग घराची बिलं, आणि गेल्या हिवाळ्यात त्याची आई. आई इकडे जुन्या घरात एकटी, सोबतीला दिवसरात्र एक बाई. आईला रोज मुलाच्या नावाने मेसेज पाठवायचा, एवढंच काम. फोन मात्र करायचा नाही.

हे काम तिला आवडायला लागलं. आईची उत्तरं मोजकी यायची, वेड्यावाकड्या शुद्धलेखनात. थंडी आहे, कान बांध. फार जागू नको. तिला कान बांध म्हणणारं घरात कुणी नव्हतं. एकदा असंच उत्तर लिहिताना तिच्या सख्ख्या आईचा फोन आला. तिने तो कापला आणि राहिलेली ओळ पुरी केली.

मग एका सकाळी डॉक्टरचा निरोप आला. घराचा सौदा झाला होता, आईला वृद्धाश्रमात हलवायचं होतं. हे गोड शब्दांत कळव, तुझी भाषा छान आहे, असं त्याने लिहिलं होतं.

तिने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. नवरा म्हणाला, लोकांच्या घरात नाक खुपसू नकोस, काम जाईल. काम जाणार हे तिलाही कळत होतं. तिने डॉक्टरच्या आईचा नंबर लावला.

फोन सोबतीच्या बाईने उचलला. आपण डॉक्टरांचं काम बघतो, जरा आईंना फोन द्या, असं तिने सांगितलं. बाईने हळूच विचारलं, "साहेब येतायत का?"

"नाही. घर विकलंय त्यांनी. आईंना निदान माणसाच्या तोंडून कळावं, म्हणून फोन केला."

"आईंना आता काय कळायचंय, ताई? त्या मागच्या हिवाळ्यातच गेल्या."

"मग रोज उत्तरं कोण लिहितं?" तिने विचारलं.

"मीच," बाई म्हणाली. "त्या गेल्या तेव्हा सकाळपासून साहेबांना फोन लावत होते. उचलला नाही. शेवटी शेजाऱ्यांनीच सगळं उरकलं. आणि संध्याकाळी आईंच्या मोबाईलवर साहेबांचा मेसेज आला. इतक्या वर्षांत पहिलाच. 'आई, जेवलीस का?' आई गेल्या, असं लिहवेना, ताई. मी लिहिलं, जेवले."