वळायला जागा

भांडुपच्या बंद पडलेल्या मॉलमध्ये कुंडलिक गुडघ्यांवर बसून खडूची रेघ पुसत होता. सकाळपासून तिसऱ्यांदा.

पहिला चौकोन शंभर फूट बाय पन्नासचा होता. इथे बर्फाचं मैदान होणार होतं, स्केटिंगचं. मॉलचे मालक चंद्रप्रकाशशेठ विजेच्या बिलाला महिना दोन लाखांपर्यंत तयार होते. बत्तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलेल्या कुंडलिकने छाती ठोकून हिशेब मांडला आणि खर्च त्यात आरामात बसला. काल त्याने लेकीला पेढासुद्धा भरवला.

आज संघमित्राने तो कागद पाहिला.

“पप्पा, हिशेबात यंत्र तुम्ही चारच दिवस चालवलंय. बर्फ झाला की बंद? मग तो राखायचा कोणी?”

कुंडलिकने कागद परत हातात घेतला. कारखान्यात बर्फाची लादी गोठली की टेम्पोत चढायची आणि मासळीबाजाराला जायची. पुढे ती वितळो नाहीतर राहो, ते गिऱ्हाइकाचं नशीब. उभ्या जन्मात त्याने बर्फ केला होता, सांभाळला कधीच नव्हता. इथे तो बारा महिने सांभाळायचा होता, मे महिन्यातसुद्धा.

मग चौकोन पन्नास बाय तीस झाला. समोरच्या काचेतून दुपारभर ऊन येतं हे ध्यानात आलं, तसा आणखी आखडला. हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र धरल्यावर उरला पंचवीस बाय वीस.

संघमित्रा चाकांचे स्केट्स बांधत होती. वर्षातले पंधरा दिवस उत्तरेत जाऊन खरा बर्फ, बाकी सगळा सराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये. इथे बर्फ झाला नाही तर खेळ सोडून नोकरी धरायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. फॉर्म भरून तयार होता. कुंडलिकला ते ठाऊक होतं.

“बघ गं, जमतंय का.”

ती निघाली. दोनदा पाय मारला तोच रेघ आली, आणि समोरचा खांब धरून तिला थांबावं लागलं. उलट्या बाजूने आली, तरी तेच.

“वळायलाच जागा नाही, पप्पा.”

तेवढ्यात शेठ आले. त्यांनी कागदावरचा विजेचा शेवटचा आकडा दोनदा वाचला आणि त्यांची कळी खुलली.

“झकास! एवढ्यात बसवलंत? वाढदिवसाला, फोटो काढायला भरपूर झालं. सोमवारपासून काम सुरू करा.”

कुंडलिकने लेकीकडे पाहिलं. तिने खाली बसून लेस सोडायला घेतली होती.

“घ्या काम, पप्पा,” ती मान वर न करता म्हणाली. “फॉर्म मी आजच पाठवते.”

शेठ फोनवर बोलत बाहेर गेले. कुंडलिक पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि चाकांनी पुसट झालेली रेघ गडद करू लागला. कारखान्यातल्यासारखी बर्फाची लादीच होती ती. जरा मोठी, एवढंच.