डबाभर शांतता

कोसळलेल्या इमारतीखाली कोण जिवंत आहे ते ऐकायचं, तर वर सगळ्यांनी एकदम गप्प व्हायला हवं. पण अग्निशमनवाल्यांचा वायरलेस पोलिसांच्या वायरलेसशी बोलेना, पोलिसांचा क्रेनवाल्यांशी. एकाने मशीन थांबवलं की दुसऱ्याचं घरघरायचं. ओरडून ओरडून अग्निशमनप्रमुखाचा घसा पार बसला होता. वायरलेस दुरुस्त करणाऱ्या बाईने लेकीच्या हेडफोनची वायर कापून तिन्हींचे वायरलेस एका डब्यात जोडले. "बोला, साहेब." "काय डोंबल बोलू? आवाजच गेलाय." "कुजबुजा की, पोचेल." तो पुटपुटला, "थांबा." ड्रिल थांबलं. क्रेन थांबली. पोलिसांचा सायरनही थांबला. एवढी शांतता बाईने जन्मात ऐकली नव्हती. तिने श्वासही रोखून धरला. आणि मग खालून, पाइपवर चमचा आपटल्यासारखं, टक्... टक्. प्रमुख डब्यावर ओणवला. "ऐकलंत?" डब्यातून एकापाठोपाठ तीन अनोळखी आवाज हळूच आले: "ऐकलं." "ऐकलं." "ऐकलं."