सुटलेली केबल

बायकोचा रिपोर्ट घ्यायला दोघं लॅबमध्ये आले, तर तिथला कॉम्प्युटर सकाळपासून हात वर करून बसलेला. एकही डिस्क ओळखत नव्हता. "घोडं कुठं पेंड खातंय, बघतो," म्हणत तो आत गेला. जन्मभर मशीन दुरुस्तीशिवाय दुसरं केलंय काय! लॅबवाला बाहेर लोकांची समजूत काढत होता. डिस्कची केबल सुटली होती. त्याने ती बसवली, मशीन सुरू झालं. मग आधी बायकोचंच नाव टाकलं.

रिपोर्ट वाचून त्याने केबल पुन्हा ओढून काढली.

तो बाहेर येताच ती बाकावरून उठली.

"नाही जमलं गं. उद्या येऊ."

"अहो, तीस वर्षांत तुम्हाला न जमलेलं एक तरी मशीन आहे का?" ती हसत म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे बघून हळूच पुन्हा बाकावर बसली.