मावशीचा दिवा

लातूरच्या गंजगोलाईत लीयाबाईंनी काचेचा एक पेला विकत घेतला, पदराने पुसून पिशवीत ठेवला आणि त्या अहमदपूरच्या एसटीत बसल्या. पेला दिव्यासाठी होता. ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे संध्याकाळी आईचा स्मरणदिवस सुरू होणार होता. बारा वर्षं त्या आईसाठी तेलाचा एक दिवा लावत आल्या होत्या. यंदा त्याच्या शेजारी दुसरा लागणार होता, मावशीचा.

असा दिवा मेलेल्या माणसासाठी लावतात. म्हणूनच मावशीचा आजवर कधी लावला नव्हता.

जगात रक्ताचं कुणी उरलं असलंच, तर ती मावशी. आजोबा व्हिएन्नाचे डॉक्टर. ज्यूंना तिथे जगणं अशक्य झालं तेव्हा बायकोला आणि नऊ वर्षांच्या रोझाला घेऊन ते निजामाच्या मुलखात आले आणि अहमदपुरात दवाखाना टाकला. रोझा म्हणजे लीयाबाईंची आई. आता त्या घरातलं कुणीच नाही. आई गेली तेव्हा प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष हवे होते आणि लातुरात एकही नव्हता. शेजारचे पाचसहा जण बिचारे डोक्यावर रुमाल टाकून उभे राहिले.

आई तांदूळ निवडता निवडता एकच गोष्ट सांगायची. गल्लीत बंदुका घेतलेली माणसं फिरत होती. एका लहान पोरीला औषधांच्या लाकडी खोक्यात लपवलं होतं. तीन दिवस. झाकणावर दोनदा टकटक केलं की पोरगी ओळखायची, आपलं माणूस आहे. मग तिच्या हातात एक गोड तुकडा द्यायचा. चौथ्या दिवशी पहाटे तिला झोपेतच चादरीत गुंडाळून कुणी घेऊन गेलं. निरोप घ्यायचा राहिला.

"कोण होती गं ती?"

"नाव-गाव कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिलाय."

दहा वर्षांच्या लीयाने मग स्वतःच विचारलं, "तुझी धाकटी बहीण होती का?" आईला रडू फुटलं. लीयाला उत्तर मिळालं.

त्या एका उत्तरावर लीयाबाईंनी तीन कवितासंग्रह लिहिले आणि एक कथासंग्रह. आयुष्यात पुण्यापलीकडे गेल्या नव्हत्या, तरी व्हिएन्नाची गल्ली उभी केली, तिच्यावर बर्फ पाडला, सैनिकांना बूट घातले. गोड तुकड्याचं चॉकलेट केलं. व्हिएन्नात दुसरं काय असणार? परदेशातल्या संस्थांना मावशीबद्दल पत्रं लिहून लिहून बोटं दुखायला लागली. गेल्या आठवड्यात शेवटच्या संस्थेचं उत्तर आलं. अशा मुलीची नोंद नाही.

म्हणून पेला.

अहमदपूरच्या वाचनालयात त्यांचं कथावाचन होतं. ग्रंथपाल उमाशंकर दारातच अवघडून उभा होता. "माणसं जरा कमीच हायत ताई. आज बाजार हाय नं."

चहावाला धरून अकरा जण होते. लीयाबाईंनी त्यांनाच खोक्यातल्या पोरीची कथा वाचून दाखवली. मागच्या रांगेत पांढरी ओढणी घेतलेली एक म्हातारी डोळे मिटून बसली होती. मांडीवर रुमालाची छोटी पुरचुंडी, ती तिने मुठीत धरली होती. झोपली असेल, असं लीयाबाईंना वाटलं. एवढी वर्षं लिहिल्यावर त्याचं वाईट वाटेनासं होतं.

कार्यक्रम संपला. म्हातारीला हाताला धरून एक कॉलेजातली मुलगी पुढे आली.

"मी लुबना. ही माझी नानी, आबेदा. तुमचं पुस्तक मी घरी वाचून राहिले होते, ते नानीनं ऐकलं. तवापासून रोज हीच गोष्ट वाचायला लावते."

म्हातारी लीयाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. "रोझाबाईच्या डाव्या हातावर भाजल्याचा डाग होता नं? मनगटापाशी?"

पुस्तकात आईचं नाव कुठेच नव्हतं. बारा वर्षांत ते नाव लीयाबाईंनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"तुम्ही आईला पाहिलंय? दवाखान्यात यायचात?"

"हाव. पाच वर्साची होते. रोझाबाई हातच धरायची माझा."

"मग इतकी वर्षं इथेच होतात?"

"न्हाई. पोलिस ॲक्शनच्या साली अम्मी-अब्बा मारले गेले. मामूनं नांदेडला वाढवलं. लगीन होऊन हितं आले, तवर दवाखान्याला कुलूप. लई विचारलं. तुमी कुठं गेलात, कुनालाच ठावं न्हवतं."

लीयाबाईंना इतका आनंद झाला की त्यांचा त्यांनाच संकोच वाटला. आईला पाहिलेलं माणूस! शेवटची एसटी चुकली तरी चालेल, ही बाई आणखी थोडा वेळ बोलत राहू दे. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं.

"आज मी मावशीचा दिवा लावणार आहे. गोष्टीतल्या त्या मुलीचा. फार शोधलं हो तिला. आता ती नाही, असंच धरायचं ठरवलंय." त्यांनी पिशवीतून पेला काढून दाखवला. "मग माझं कुणीच उरणार नाही. पण वाट तरी किती बघायची?"

आबेदाबींनी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा घातला.

"नगं लावू, बेटी."

मग रुमालाची गाठ सोडली. आतला तुकडा लीयाबाईंच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली.

"समदं बराबर लिवलंस," त्या म्हणाल्या. "खोकं, औषधाचा वास, टकटक. फकस्त ते चॉकलेट न्हवतं. गूळ व्हता."