डोळे बघून ड्युटी

पेन तिसऱ्यांदा हातातून निसटलं. शलाकानं ते उचललं आणि तेच पान चौथ्यांदा वाचायला घेतलं. अक्षरं दिसत होती, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. बारावीचा फिजिक्सचा पेपर दोन दिवसांवर आला होता. सकाळपासून ताटातली पोळी वाळून चाललेली. दोन दिवस ती धड झोपलीही नव्हती.

दुपारी बाबा बस डेपोतून आले. कुठल्या ड्रायव्हरला कुठली गाडी द्यायची, हे ठरवण्याचं त्यांचं काम. दारातूनच त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन, ड्रायव्हरचे बघतात तसे, तिचे डोळे निरखले आणि पुस्तक मिटून टाकलं.

"ड्युटी बंद. चार घास खा आणि झोप."

"बाबा, तीन धडे राहिलेत! नापास होईन मी!" तिचा आवाज चिरकला. "दोनच दिवस तर काढायचेत!"

"तोही असंच म्हणाला होता. एकच तर फेरी आहे, साहेब."

"कोण?"

"त्याचे डोळे असेच लाल होते. तरी मी गाडी दिली."

शलाकाला आठवलं. ती पाचवीत असताना घाटात बाबांच्या डेपोची एक बस कोसळली होती आणि बाबा महिनाभर घरात कुणाशी बोलले नव्हते.

मिटलेल्या पुस्तकावरचा हात बाबांनी अजून उचलला नव्हता.

तिनं ताट पुढं ओढलं.